गावाकडं थरोब्रेड घ्यायचाय? आधी नालबंद शोधा, मग घोडा

आमच्या निपाणी-चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात घोड्याचं वेड काही नवीन नाही. चिंचलीला मायाक्काच्या जत्रेला घोडागाडी जुंपून जाणारी घरं अजून आहेत. पण आता मोबाईलवर थरोब्रेडचा, म्हणजे शर्यतीच्या इंग्रजी जातीच्या घोड्याचा, फोटो येतो, 'रेसकोर्सचा ओरिजनल थरोब्रेड, अर्जंट देणे आहे', घोडा असा चमकत असतो की बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, आणि गडी दोन दिवसात पैसे गोळा करून टेम्पो सांगून मोकळा. मीपण तसंच केलं होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण ह्यात चुकलं तर पैसे जातात ते जातातच, पण एक चांगलं जनावर जन्मभर लंगडत राहतं.

माझा पहिला घोडा तेलिया कुम्मैत, म्हणजे गडद तांबूस रंगाचा होता, कपाळावर एवढीशी चांदणी. एका दलालाकडून घेतला. सकाळच्या गारव्यात मऊ मैदानावर त्यानं दोन चकरा मारून दाखवल्या, एक पाऊल वाकडं पडलं नाही. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी बाहेर काढला तर पुढचा डावा पाय टेकवायलाच तयार नाही. आमच्या गावात बैलांना पत्री मारणारा माणूस आहे, त्याला बोलवलं, तो म्हणाला खुरात काय नाही बाबा, हे माझं काम नव्हं. मग चौकशी करत करत दूरच्या गावातले एक म्हातारे नालबंद, म्हणजे घोड्याला नाल मारणारे, चाचा मिळाले. ते आले, खुराकडं बघितलंसुद्धा नाही, खाली बसून गुडघ्याच्या खाली पायाच्या मागच्या बाजूला हात फिरवला आणि माझा हात धरून तिथं ठेवला. जिथं ताणलेल्या दोरीसारखी टणक शीर (डॉक्टर तिला टेंडन म्हणतात) लागायला पाहिजे तिथं शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं मऊ, फुगलेलं आणि दुसऱ्या पायापेक्षा गरम. म्हणाले, "घोडा आणायच्या आदी मला न्यायचं व्हतं रं पोरा, आता बोलवून मी काय करू?" शीर जुनीच फाटलेली होती, दुखणं मारायचं औषध देऊन मला घोडा पळवून दाखवला होता, औषधाचा असर उतरला तसा घोडा खरा दिसायला लागला. जवळजवळ वर्षभर त्याला नुसती विश्रांती दिली. आता चालतो, रोज खरारा करून घेतो, पण पळायचं त्याचं संपलं.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, आपल्याकडं क्रम उलटा आहे. आधी घोडा येतो, मग नालबंद, डॉक्टर, वैरण, जागा ह्यांची शोधाशोध. शहरात क्लबच्या तबेल्यात घोडा ठेवणाऱ्याला हे सगळं आयतं मिळतं म्हणून त्याला आधी घोडा घेतला तरी चालतं. आपल्याला नाही चालत.

तर पहिलं काम नालबंद. दर पाच-सहा आठवड्याला खूर कापून नाल बदलायला लागते, म्हणजे वर्षाला आठ-दहा वेळा तरी तो माणूस तुमच्या दारात यायला पाहिजे. बैलाला पत्री मारणं वेगळं आणि घोड्याला नाल मारणं वेगळं, बैलाचं खूर दुभंगलेलं असतं, घोड्याचं अख्खं एक, आणि थरोब्रेडचं खूर वरून पातळ असतं, खिळा जरा आत गेला की घोडा बसला. त्यात आपली जमीन. चिकोडी-अथणीकडची काळी माती पावसात अशी चिकटते की नाल ओढून काढते आणि उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखी होते, खानापूरकडं जांभ्याचे खडे आणि पावसाळाभर ओल, तिथं खुराचा तळवा कुजून घाण वास मारायला लागतो. रेसच्या घोड्याला बऱ्याचदा ॲल्युमिनियमची हलकी नाल असते, ती आपल्या रस्त्यावर टिकत नाही, आल्या आल्या ती काढून लोखंडी मारून घ्यायला लागते. नालबंद लांबचा असला तरी चालेल, पण त्याला आधी भेटा, येणार का विचारा, आणि जमलं तर घोडा बघायला जाताना त्यालाच बरोबर न्या, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च द्या. मी केलेल्या खर्चापैकी तोच खर्च सगळ्यात सत्कारणी लागलाय.

दुसरं डॉक्टर. आपल्याकडचे सरकारी जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशी बघण्यात तरबेज आहेत, १९६२ ह्या नंबरला फोन केला तर फिरता दवाखानापण येतो, पण घोड्याची रोजची सवय प्रत्येकाला असेलच असं नाही. घोडा घ्यायच्या आधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, साहेब, रात्री घोड्याचं पोट दुखायला लागलं तर तुम्ही नाकातून पोटात नळी घालू शकता का? घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गॅस किंवा पाणी तुंबलं की बाहेर पडायला वाट नसते, पोट फुटून घोडा मरू शकतो. त्यामुळं ते नाही म्हणाले तर रागवू नका, कोण करतं ते त्यांनाच विचारा, बेळगाव किंवा कोल्हापूरला घोड्याची सवय असलेला डॉक्टर गाठा आणि तुमच्या गावापासून त्यांना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.

जागा. म्हशीच्या गोठ्यात एक दावण रिकामी आहे म्हणून घोडा बांधू नका. थरोब्रेड साधारण साडेपंधरा ते साडेसोळा हँडचा असतो, एक हँड म्हणजे ४ इंच, म्हणजे १६ हँडचा घोडा नुसत्या पाठीच्या उंचवट्यावरच ५ फूट ४ इंच भरतो आणि मान वर केली की त्याचं डोकं सरळ तुमच्या गोठ्याच्या पत्र्याला जाऊन लागतं. १२ बाय १२ फुटाची मोकळी खोली, उंच छप्पर, आरपार वारा आणि कोरडी जमीन एवढं पाहिजेच. आणि शेताला काटेरी तार असेल तर तिथं मोकळा सोडू नका, बिथरला की हा घोडा तार बघत नाही, त्याची कातडी लई पातळ असते.

आता थरोब्रेड म्हणजे नक्की काय, कारण आपल्याकडं प्रत्येक उंच आणि लाल घोड्याला थरोब्रेड म्हणायची पद्धत पडलीय. ही जात इंग्लंडात शर्यतीसाठीच तयार झाली, आजच्या सगळ्या थरोब्रेडची बापाकडची वंशावळ डार्ली अरेबियन, गोडोल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क ह्या तीनच घोड्यांपर्यंत जाते, आणि १७९१ पासून त्यांची नोंदवही तिकडं छापली जाते. म्हणजे ही जात मुळात नोंदवहीची जात आहे. बाप आणि आई दोघं नोंदलेले नसतील तर तो दिसायला कसाही असो, थरोब्रेड नाही. आपल्या देशात ही नोंद पुण्याची स्टड बुक अथॉरिटी ठेवते. पैदास पुण्याच्या आसपास, पंजाबात आणि आपल्या कर्नाटकात कुणिगलला होते, तुमकुरू जिल्ह्यातलं हे कुणिगल टिपू सुलतानाच्या काळापासून घोड्यांचं गाव आहे.

बघूनही थोडं कळतं. कानाची टोकं आत वळून एकमेकाला टेकत असतील तर तो मारवाडी किंवा काठेवाडी, अंगावर पांढरे-काळे ठसे असलेला अबलख दाखवून कोणी थरोब्रेड म्हणत असेल तर तिथून उठा. सारंगखेडा, अकलूज असे आपल्या लोकांना माहीत असलेले घोडेबाजार आहेत, तिथं जनावरं एकसे एक येतात, पण ती मुख्यतः मारवाडी, काठेवाडी, नाहीतर पांढरे नुकरा. थरोब्रेड घ्यायचा तर मिळण्याची खरी जागा म्हणजे पुणे, मुंबई, बेंगळुरू, म्हैसूरच्या रेसकोर्समधून रिटायर होणारे घोडे, नाहीतर एखादा रायडिंग क्लब. पुण्याचा सीझन पावसाळ्यात असतो, मुंबईचा हिवाळ्यात, सीझन संपताना मालक हळू पळणारे घोडे कमी करतात तेव्हा चौकशी करायची. शक्यतो ट्रेनर किंवा मालकाकडून सरळ घ्या, मधे जेवढे हात कमी तेवढं घोड्याबद्दल खरं कळतं.

कागद. थरोब्रेडला पासपोर्ट असतो, त्यात नाव, जन्मतारीख, बाप, आई, रंग आणि घोड्याचं चित्र काढून त्यावर कुठं पांढरं, कुठं केसांचा भोवरा ते दाखवलेलं असतं. आणि मानेत डाव्या बाजूला आयाळीखाली मायक्रोचिप, तिचा नंबर १५ आकडी. डॉक्टरकडं चिप वाचायचं मशीन असतं, ते फिरवून नंबर पासपोर्टशी जुळवा, एकेक आकडा मोठ्यानं वाचून. पासपोर्ट 'घरी राहिला', 'कुरियरनं पाठवतो' असं म्हणाला तर पैसेसुद्धा कुरियरनंच येतील म्हणून सांगा. नाव कळलं की इंडियन स्टड बुकच्या वेबसाइटवर टाकून बघा, बाप-आई-जन्मसाल निघतं, आणि रेसचे निकालपण जाहीर असतात. तिथं एक गोष्ट बघा, मधे सहा महिने-वर्षभर घोडा पळालाच नाही असा खड्डा आहे का. असेल तर का, ते मालकाला तोंडावर विचारा. किती कप जिंकला ह्याच्याशी आपल्याला काय देणंघेणं नाही, उलट जो घोडा नुसता हळू होता म्हणून रिटायर झाला तो आपल्यासाठी सोनं, त्याचे पाय शाबूत असतात.

भोवऱ्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो, कारण आमच्याकडं घोड्याची निम्मी किंमत भोवऱ्यावर ठरते. देवमण, म्हणजे गळ्याखालचा शुभ भोवरा असला की भाव वर, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी असला की अजून वर, आणि एखादा भोवरा चुकीच्या जागी असला की घरात आणायचा नाही म्हणतात. माझे काकासुद्धा घोडा बघायला आले की आधी गळ्याखाली हात घालतात. त्यांची श्रद्धा मी मोडायला जात नाही, पण मी त्यांना सांगितलं, काका, भोवरे बघाच, फक्त पासपोर्टातल्या चित्राशी जुळवून बघा. भोवरा जन्मभर जागा बदलत नाही, म्हणून तर ते चित्रात काढतात. त्यांना ते पटलं, आता चष्मा लावून पासपोर्ट तेच वाचतात.

आता प्रत्यक्ष घोडा. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जा. घोडा आधीच फिरवून, घाम पुसून तयार ठेवलेला असेल तर परत बांधायला सांगा, चहा घ्या, दोन-तीन तासांनी गार असताना परत काढायला लावा. लंगडेपणा पहिल्या वीस पावलांत दिसतो, नंतर अंग गरम झालं की लपतो. तो थांबायचा वेळ तबेला बघण्यात घालवा. गव्हाणीचा लाकडी काठ कुरतडलेला आहे का? काही घोडे काठाला दात लावून हवा गिळत राहतात, डांबून ठेवल्यानं लागलेली ही सवय सुटत नाही, असे घोडे बारीक राहतात आणि पोटदुखीचा धोका वाढतो. कोण आत गेल्यावर कान मागं पाडतो का, की मान पुढं करून वास घेतो, हेपण बघा.

मग पाय, आणि पायाला घाई नको. पुढचे दोन्ही पाय एकाच वेळी दोन्ही हातांनी, गुडघ्यापासून खाली, डोळे मिटून. फरक हाताला कळतो, डोळ्याला नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, मागची शीर जाड किंवा मधेच पोट आल्यासारखी, खुराच्या वरच्या सांध्याला फुगवटा, हे सगळं थांबून विचारायचं. खूर उचलून बघा, दोन्ही पुढची खुरं एकाच मापाची आहेत का, तळवा कुजका वास मारतो का. नंतर कडक जमिनीवर, डांबरी नाहीतर फरशीवर, सैल दोरीनं सरळ रेषेत दुडकी चालवायला लावा. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना मान वर उचलते आणि चांगला पाय टेकताना खाली जाते. कान लावून टापांचा आवाज ऐका, चारी सारख्या वाजल्या पाहिजेत. डॉक्टर बरोबर असेल तर ते एकेक पाय मिनिटभर मुडपून धरून लगेच पळवतात, त्यात लपलेला सांधा बोलतो. पायाचे एक्सरे, डोळे, छाती हे सगळं करून घ्या, आणि रक्ताचा एक नमुना काढून ठेवा म्हणजे दुखणं मारायचं औषध दिलं होतं का ते नंतर तपासता येतं. नमुना काढणार म्हटल्यावर ज्याचा चेहरा बदलतो त्याचा घोडा घ्यायचा नाही.

वय पासपोर्टावर असतंच, तरी तोंड उघडून बघा. अडीच वर्षाला मधले, साडेतीनला त्याच्या बाजूचे, साडेचारला कोपऱ्यातले दुधाचे दात पडून पक्के येतात, पाचव्या वर्षी तोंड भरतं. दहाच्या सुमाराला वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरड्याजवळ एक खाच दिसायला लागते. पहिल्यांदा घेणाऱ्यानं पाच ते नऊ वर्षाचा आणि खच्ची केलेलाच घ्यावा. गावात चारी बाजूला घोड्या बांधलेल्या असताना आंडील घोडा सांभाळणं हे रोजचं युद्ध आहे, पोरंबाळं असलेल्या घरात नकोच.

बसायच्या आधी त्यांच्या माणसाला बसू दे, मग तुम्ही. एक लक्षात ठेवा, रेसच्या घोड्याला लगाम ताणला की थांबायचं असं शिकवलेलंच नसतं, तो ताणलेल्या लगामावर जोर टाकून पळतो, त्यामुळं घाबरून तुम्ही जेवढं ओढाल तेवढा तो वेग वाढवेल. जॉकीला पण खालून कोणीतरी उचलून पाठीवर टाकतं, त्यामुळं रिकिबीत पाय अडकवून चढणारा माणूस त्याला नवीन असतो. हे दोष नाहीत, शिकवून जातात, पण महिने लागतात.

ग्लँडर्सची टेस्ट केल्याशिवाय घोडा हलवू नका, हे मी हात जोडून सांगतो. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, लस नाही, आणि २००९ च्या प्राण्यांच्या साथरोगांच्या कायद्यात तो येतो, पॉझिटिव्ह निघाला तर घोडा मारावाच लागतो. सरकारी डॉक्टरांमार्फत रक्त लॅबला जातं, हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे त्यातलं मुख्य. रिपोर्टला वेळ लागतो, तो लागू द्या. त्याबरोबरच सर्राची तपासणी करून घ्या, चावणाऱ्या माश्यांनी पसरणारा हा ताप घोडा पोखरून काढतो. धनुर्वात आणि रेबीजची लस कधी दिली तेपण लिहून घ्या.

पुण्याहून आणायचा म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि कोगनोळीला राज्याची हद्द. प्रवासाला घोडा फिट आहे असं पशुवैद्यकाचं सर्टिफिकेट, ग्लँडर्सचा रिपोर्ट, पासपोर्ट आणि विक्रीचा कागद हे चारी ड्रायव्हरजवळ पाहिजेत. सर्टिफिकेट इंग्रजीत मागून घ्या, तिकडून मराठीत आलं की इकडं कानडी वाचणारा साहेब अडतो, आणि मधल्यामधे घोडा उन्हात उभा. विक्रीचा कागद स्टॅम्प पेपरवर, त्यात चिपचा नंबर, काय आजार-जखम होती ते, आणि अमुक दिवसात लंगडला तर परत घेणार का ते स्पष्ट. पैसे बँकेतून. गाडीच्या तळाला रबरी मॅट किंवा वाळू-भुसा, रात्री किंवा पहाटेचा प्रवास, दर तीन-चार तासांनी थांबून पाणी.

घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस हे घोडा निवडण्याइतकेच महत्त्वाचे. तो आधी जे खात होता त्यातलं आठवड्याभराचं खाणं तिथूनच विकत आणा आणि हळूहळू आपलं मिसळा. ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला कमीत कमी सात किलो सुकी वैरण पाहिजे, आठ म्हणा, आणि ती दिवसभर थोडी थोडी, दोन वेळा ढीग टाकून नाही. पाणी २५ ते ४० लिटर. रेसमधे ओट्सवर ठेवलेला असतो, काम बंद झालं की दाणा कमी करायचा नाहीतर डोक्यात जातो. आणि इथं आपल्या भागातल्या माणसांनी नीट ऐकावं. हत्ती गवत आपल्या बांधावर फुकट मिळतं पण घोड्याला रोज तेच घातलं तर त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, हाडं ठिसूळ होतात, नाकाच्या बाजूची हाडं फुगून तोंड सुजल्यासारखं दिसतं. नुसत्या कोंड्यावर ठेवलं तरी तेच. ज्वारीचं हिरवं कडवळ तर नकोच, मूत्राशय आणि मागचे पाय जातात. उसाचं वाडं म्हशीला ठीक आहे. आणि कोंबडीचं खाद्य किंवा गाई-म्हशींची पेंड, गोळी पेंड गव्हाणीत चुकूनही नको, काहीत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला ते पचतं, घोड्याचं थोड्याशानं हृदय बंद पडतं. घरातल्या प्रत्येकाला, धार काढणाऱ्या वहिनीपासून शेजारच्या पोरापर्यंत, हे सांगून ठेवा, कारण घोड्याला माया करून ओंजळभर पेंड घालणारं माणूस घरातलंच असतं.

पहिल्या महिन्यात पळवू नका, हातानं फिरवा. शिवारात ट्रॅक्टर, बँड, कुत्री, म्हशी सगळं त्याला दाखवा. आमच्याकडच्या उन्हात मेहनत झाल्यावर त्याला घाम येतो का ते रोज बघा, काही थरोब्रेडना गरम दमट हवेत घाम येणंच बंद होतं, अंग कोरडं आणि श्वास चढलेला दिसला की सावलीत घेऊन पाणी ओतायचं आणि डॉक्टरला फोन. आणि काही जण घोडागाडीच्या शर्यतीसाठीच हा घोडा शोधतात, त्यांना सांगतो, नका. डांबरी रस्त्यावर गाडी ओढायला हे पाय घडलेले नाहीत. माझ्या कुम्मैताची शीर कशी फाटली ते मला कोणी सांगितलं नाही, पण चाचांनी हात लावून सांगितलं ते रस्त्यावरचंच काम होतं.

राहिलं मालकी बदलायचं. पासपोर्टवर मालक बदलल्याची नोंद करायची ती घोडा दारात आल्याच्या आठवड्यातच विकणाऱ्याच्या सहीनं पाठवा, नंतर तो माणूस फोन उचलत नाही. चाचांना त्याच दिवशी बोलवून ठेवा, ॲल्युमिनियमची नाल काढायचीच आहे.